अर्ध्या माणसांची सावड

माणूस हा समाजशील प्राणी आहे, समाजावाचून त्याचं मन सुकतं आणि समाजात आलं की पुन्हा ओलं होतं, असं आमच्या शाळेच्या मा बाईंनी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. आमच्या सामगोल गावाला त्यातलं 'प्राणी' एवढंच लक्षात राहिलं.

दोष बाईंचा नाही. त्यांनी गावाला दोन पिढ्या शिकवलं. मग शाळेत मुलं उरली नाहीत, कारण मुलं जन्माला घालणारी माणसं सोल शहरात निघून गेली. मागे राहिलो ते आम्ही, कंबर वाकलेले, गुडघे गेलेले आणि प्रत्येक विषयावर ठाम मत असलेले. शाळेला कुलूप लागलं. अंगणातल्या झोपाळ्यावर आमच्या शेजारच्या ह्वांगच्या बायकोनं मिरच्या वाळत घातल्या.

बाईंना पेन्शन लागली तेव्हा त्यांनी घरी बसावं, टीव्ही बघावा, सुनेला बोलावं, असं गावाचं म्हणणं होतं. बाईंना सूनच नव्हती. त्या शहरात गेल्या, नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून समाजकार्य शिकल्या, पुढे तेच संध्याकाळच्या वर्गाला शिकवू लागल्या, आणि दर गुरुवारी शहराच्या टोकाला असलेल्या मनाच्या दवाखान्यात जाऊन बसू लागल्या. तिथे एका लांब खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसलेला एक मध्यमवयीन माणूस त्यांना बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हजर, बाई."

तो यांग-हो. आमच्याच गावचा. चौथीत बाईंनी त्याची हजेरी घेतली होती. विशीत त्याला आवाज ऐकू यायला लागले, घरच्यांनी दवाखान्यात घातलं, मग जमीन विकली आणि ते कुठे गेले ते कोणालाच कळलं नाही. त्याला घरी न्यायला यायचं ते कोणी आलंच नाही, म्हणून तो वीस-बावीस वर्षं तिथेच राहिला. आजार तर केव्हाच आटोक्यात आला होता.

बाईंनी त्याला आणलं. बरोबर आणखी दोघांना आणलं. एक चिल-बोक, जुना बस कंडक्टर. दुसरी दक-सुन, जी दिवसातून अनेकदा हात धुवायची आणि त्याहून अनेकदा क्षमा मागायची. गावानं बंद शाळा त्यांना राहायला दिली, पण हिवाळ्यापर्यंतच. घरोघरची हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालून झाली की गावाची वार्षिक बैठक बसते. ही माणसं राहणार की जाणार ते तिथे ठरणार होतं. जाणार म्हणजे परत त्या लांब खोलीत. हे गावाला माहीत होतं, बाईंना माहीत होतं आणि यांग-होलाही माहीत होतं. दुकानात कोणीतरी त्याला विचारलं होतं, "तिथे कसं होतं रे?" त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "रात्री दिवा बंद करत नाहीत. बाकी जेवण बरं होतं."

किमचीचे दिवस आले तशा बाई गावाच्या बैठकीच्या खोलीत आल्या. तिथली जमीन खालून तापवलेली असते. मानाची माणसं गरम भागात बसतात आणि बाकीचे दाराकडे. यांग-हो आणि चिल-बोक दारात बसले.

"आम्हालाही सावडीत घ्या," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी काम असेल तेव्हा आमच्यातलं एकेक माणूस येईल. कोबी कापेल, धुवेल, भरेल. आमची पाळी आली की तुम्ही या."

आमच्याकडे सावडीचा नियम सरळ आहे. एक दिवस दिला की एक दिवस परत. म्हातारा असो की तरणा, माणशी माणूस. फक्त बैल दोघांच्या बरोबरीचा. पण गावात आता बैल उरला नव्हता, त्यामुळे तो मान कोणालाच नव्हता.

गावप्रमुख योम मान-शिक घसा खाकरून म्हणाला, "बाई, तुमचं ज्ञान मोठं. मी तुमच्याच हाताखाली शिकलो."

"दुसरीत दोनदा," बाई म्हणाल्या.

"हो. तर मुद्दा असा, की ही माणसं मनानं... आजारी. यांचा दिवस पुरा कसा धरायचा? गावावर अन्याय होईल. अर्धा धरू. यांच्यातलं एक माणूस म्हणजे अर्धा माणूस."

माना डोलल्या. आमच्या गावात प्रमुख काही बोलला की आधी माना डोलतात आणि विचार घरी जाऊन होतो. दारातून चिल-बोक ताडकन उठला.

"अर्धं तिकीट! उंची मोजून घ्या! खांबावरच्या रेघेच्या खाली असेल तरच अर्धं!" आणि तो खांबाला पाठ लावून ताठ उभा राहिला. गाव हसलं. चिल-बोक हसला नाही. तिकिटाच्या बाबतीत तो कधीच हसत नसे.

"चालेल," बाई म्हणाल्या. "म्हणजे आमचं एक माणूस तुमच्या घरी दिवसभर राबलं, की तुमच्या घरावर आमचा अर्धा माणूस चढला."

"बरोबर."

"आणि तो तुम्ही परत करणार."

"करणारच. सावड म्हणजे सावड."

बाईंनी मान हलवली. पोरगं फळ्यावर गणित चुकवत चाललंय हे दिसत असतानाही त्याला पुढे लिहू देणारी त्यांची ती जुनी मान होती. आम्हाला ओळखीची वाटली. पण ती का हलली, ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला मान प्रमुखाच्या घराचा. यांग-हो उजाडायच्या आत तिथे पोचला. अंगणात खारवून निथळत ठेवलेल्या कोबीचे ढीग होते. मुळे होते. लसूण सोलून ठेवला होता. बायका टोपल्यांभोवती उकिडव्या बसल्या होत्या, तोंडातून वाफा निघत होत्या, आणि काम मात्र सुरू होत नव्हतं.

कारण सुऱ्या नव्हत्या.

योमच्या बायकोनं आदल्या दिवशी घरातल्या एकूण एक सुऱ्या लपवल्या होत्या. वेडा माणूस येणार म्हटल्यावर कोणतीही शहाणी बाई हेच करेल. फक्त तिनं त्या इतक्या नीट लपवल्या होत्या, की आता तिलाच सापडत नव्हत्या. तिनं तांदळाची पेटी उपसली, गोधड्या झटकल्या, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला.

"अगं, काय शोधतेयस?" ओसरीवरून तिच्या सासूनं विचारलं. ही सोरेवाली आजी. समुद्राकाठच्या सोरे गावची लेक, म्हणून सोरेवाली. लग्न होऊन साठ वर्षं झाली तरी गावानं तिला दुसरं नाव दिलं नाही आणि तिनंही मागितलं नाही.

"काही नाही, आई."

"सुऱ्या ना? वेड्यापासून लपवल्यास की माझ्यापासून?"

बायकांनी माना खाली घातल्या. लसूण डोळ्यांत गेल्यासारखं करून एक-दोघी हसल्या. यांग-हो भिंतीशी उभा होता. त्यानं आजीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं.

"वहिनी, आमच्याकडे आहेत," तो म्हणाला. "आणू?"

तो गेला आणि शाळेतल्या सगळ्या सुऱ्या पंच्यात गुंडाळून घेऊन आला, मुठी पुढे करून. वडीलधाऱ्याकडून एखादी वस्तू घ्यावी तशी तिनं ती पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली, आणि आपण असं का केलं याचा तिला स्वतःलाच राग आला असावा. कारण दुपारी सगळे आत उबदार जमिनीवर जेवायला बसले, तेव्हा यांग-होचं ताट तिनं बाहेर पायरीवर ठेवलं.

"तुम्हाला मोकळ्यावर बरं वाटत असेल," ती म्हणाली.

"हो, मोकळंच आहे," तो म्हणाला.

औषधांमुळे त्याचा हात थरथरायचा. कढणाचा वाडगा तोंडापर्यंत जाईतो निम्मा बाहीवर सांडायचा, आणि पायरीवरच्या थंडीत उरलेल्यावर चरबीची साय धरायची. त्यानं साय बाजूला केली आणि उरलेलं प्यायला. आतून कागदी दाराच्या फटीतून सोरेवाली आजी हे बघत होती. तिच्या तोंडात मोजकेच दात होते, त्यामुळे ती घास बराच वेळ घोळवायची आणि तेवढा वेळ तिला बघायला मिळायचा.

मग दिवस एकापाठोपाठ एक गेले, घरामागून घर. चिल-बोक ज्या घरी गेला तिथे त्यानं प्रत्येक कोबीला उतरायचं ठिकाण सांगितलं आणि जागा नसताना टोपलीत कोणालाही चढू दिलं नाही. काम बरं झालं, डोकं मात्र दुखलं. दक-सुनला एका हुशार बाईनं धुवायला बसवलं. हिला हात धुवायचं वेड आहे, म्हणजे कोबी कसा चकचकीत धुवेल, असा तिचा हिशोब. दक-सुन पहिला कोबी धूत राहिली. पान उलगडून धुतलं, क्षमा मागून पुन्हा धुतलं. दुपार झाली तरी तोच कोबी तिच्या हातात होता आणि तो आता कागदासारखा झाला होता. तेवढ्यात बाई आल्या. "तिला धुण्यापासून उठवा," त्या म्हणाल्या, "नाहीतर तुमची किमची पुढच्या हिवाळ्यात होईल. मसाला कालवू द्या. हात लाल झाले की ती धुवायचं विसरते." आणि खरंच विसरली. पूर्ण विसरली असं नाही, पण दोन कोबींच्या मध्ये श्वास घेण्याइतकं विसरली.

ह्वांगचं शेत आमच्या बांधाला लागून. तिथे यांग-हो पाठीवरच्या लाकडी सांगाड्यावर कोबी वाहत होता. वरच्या वाफ्यातून उचलायचे आणि खाली अंगणात आणून टाकायचे. आकाश राखाडी झालं होतं आणि वाऱ्याला धार आली होती. मधल्या चढावर तो थांबला. एक मोठा कोबी छातीशी धरून तसाच उभा राहिला. डोळे उघडे, ओठ हलत होते.

बायकांच्या हातातली कामं थांबली. ह्वांग हळूच कुऱ्हाडीजवळ सरकला आणि मग ती बोथट आहे हे आठवून परत आला. कोणीतरी बाईंना बोलावून आणलं. बाई धावल्या नाहीत. त्यांचे गुडघेही आमच्यासारखेच होते. सावकाश चढून गेल्या, त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि तो बघत होता त्याच बाजूला बघू लागल्या.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं, शेजाऱ्याची चौकशी करावी तसं.

"म्हणतोय, टाक तो कोबी."

"आणि तुला काय वाटतं?"

यांग-होनं विचार केला. "जड आहे, बाई. मलाही टाकावासा वाटतोय."

"मग टाक की."

त्यानं कोबी खाली ठेवला. खांदे मोकळे केले. दोघं थोडा वेळ वाऱ्यात उभे राहिले. मग त्यानं तोच कोबी पुन्हा उचलला, सांगाड्यावर ठेवला आणि तो चालू लागला.

ह्वांगची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "आमच्या यांना पण आतून कोणीतरी 'टाक' म्हणतं. पण हे टाकतात आणि मग उचलत नाहीत."

शेवटी शाळेची पाळी आली. बाईंनी शाळेच्या मागच्या जागेत उन्हाळ्यापासून कोबी लावला होता. चौघांनी तो कापला, चिरला, मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी पान वाकवलं की न मोडता वाकत होतं, म्हणजे मीठ बरोबर लागलं होतं. आता तो लगेच धुवून काढायला हवा होता, नाहीतर खारट होऊन फुकट जाणार. त्यात रेडिओवर सांगितलं की संध्याकाळपासून कडाक्याची थंडी सुटेल आणि नळ गोठतील. म्हणजे जे करायचं ते उजेडातच. चार माणसांना एवढा कोबी आवरणं शक्यच नव्हतं. आणि हिवाळ्याच्या तोंडावर ज्या घरात किमची नाही, त्या घराला बैठकीत कोण राहू देणार?

बाईंनी फाटक उघडून ठेवलं. सावडीला येणाऱ्यांसाठी रताळी उकडून ठेवली. कोणीच आलं नाही.

माणसं दुष्ट होती म्हणून नाही. माणसं हिशोबी होती म्हणून. त्या सकाळी ह्वांगच्या घरात जे बोलणं झालं, तेच थोड्याफार फरकानं घरोघर झालं.

"मी निघते शाळेत," बायको म्हणाली.

"थांब. आपल्याकडे त्यांचं देणं किती?"

"अर्धा माणूस."

"आणि तू किती?"

"म्हणजे काय? मी अख्खी आहे."

"मग तू गेलीस तर अर्ध्याचं देणं फिटेल आणि उरलेल्या अर्ध्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर चढेल. गरिबांच्या डोक्यावर ओझं चढवायचं?"

"मग दुपारपर्यंत जाते आणि परत येते."

"काम अर्ध्यात टाकून? लोक काय म्हणतील?"

"मग कसं करायचं?"

"प्रमुखाच्या घरून काय निघतं ते बघू. जे निघेल तेच अर्धं."

आणि अख्खं गाव खिडकीला नाक लावून प्रमुखाच्या फाटकाकडे बघत बसलं. अर्धा माणूस कसा असतो, कमरेपासून वर की कमरेपासून खाली, याची सगळ्यांनाच उत्सुकता होती.

शाळेत उन्हं अंगणाच्या मध्यापर्यंत आली. चिल-बोक फाटकात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. "गाडीला उशीर आहे," तो मधूनमधून सांगायचा. दक-सुन मसाल्याच्या टोपलीसमोर बसली होती. बाई पायरीवर बसल्या. त्यांना असं काही न करता बसलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही पाहत नव्हतं.

यांग-हो त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. "बाई, कोणी आलं नाही तर?"

"आपण चौघं करू. होईल तेवढं."

"आणि बैठकीत?"

"बैठकीत मी बोलेन."

"ते नाही म्हणाले तर?"

बाईंनी गुडघा चोळला. चाळीस वर्षांच्या शिकवण्यात या प्रश्नाचं उत्तर कुठे आलं होतं का, ते त्या आठवत असाव्यात.

"पिशवी मी भरून ठेवलीय," यांग-हो म्हणाला. "म्हणजे तुमची घाई नको व्हायला."

बाई उठल्या आणि पाण्याच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालून धुवायला लागल्या. पाणी इतकं गार होतं की त्यांच्या बोटांचा रंग बदललेला दिसला.

इकडे प्रमुखाच्या घरी न्याहारी चालली होती. योमनं रात्रभर विचार केला होता आणि त्याला उत्तर सापडलं होतं. उत्तर सापडलं की त्याला फार भूक लागायची. तोंडात भात भरलेला असतानाच तो म्हणाला, "आई, तूच जा शाळेत. तुझं वय बघता तू अर्ध्यात अगदी चपखल बसतेस."

सोरेवाली आजीनं चमचा खाली ठेवला.

आमच्याकडे घरातल्या मोठ्या माणसानं चमचा खाली ठेवला की जेवण संपलं. मग कोणाच्या पोटात किती गेलंय ते विचारायचं नाही. योम भरल्या तोंडानं तसाच बसला. गिळावं की न गिळावं, ते त्याला कळेना. त्याच्या बायकोनं स्वतःचा चमचा इतक्या हळू ठेवला की आवाज झाला नाही.

"अर्धी," आजी म्हणाली. "पाच पोरं काढली मी या कमरेतून. लढाईत तुला पाठीवर बांधून हा डोंगर ओलांडला. आता अर्धी. बरं. प्रमुखांचा हुकूम आहे."

ती उठली. नातवंडांची जुनी बाबागाडी तिनं बाहेर काढली. आमच्या म्हाताऱ्या काठीऐवजी तीच ढकलत चालतात. गाडीत तिनं आपली छोटी पाटी आणि बसायचं फळकूट टाकलं. मात्र ती थेट शाळेत गेली नाही. पहिल्या घरासमोर थांबली.

"ए ह्वांगणी! तुझी सासू बाहेर काढ!"

"काय झालं, आजी?"

"अर्ध्या माणसांना बोलावणं आहे. तिचा एक डोळा गेलाय ना? ती अर्धी. आण तिला. आणि तू? तुझी कंबर?"

"दुखते, आजी."

"मग तूही अर्धीच. चल."

ती घराघरापुढून ओरडत गेली. ज्याचा गुडघा गेलाय तो अर्धा. ज्याला ऐकू येत नाही तो अर्धा. जिचा नवरा प्यायला की बडबडतो ती अर्धी, कारण अर्धं आयुष्य ऐकण्यात गेलं. कोणी म्हणालं, "आजी, मी ठणठणीत आहे." आजीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लाज अर्धी आहे. चल." गावात शोधलं तर एकही पूर्ण माणूस निघेना. आणि गंमत म्हणजे आता कोणालाच अडचण राहिली नाही. अर्ध्याचं देणं, अर्धा माणूस, हिशोब चोख. घरोघर माणसं बहुतेक याच सवलतीची वाट बघत बसली असावीत, इतकी भराभर बाहेर पडली.

शाळेकडच्या चढावर बाबागाड्यांची रांग लागली. चाकं कुरकुरत होती. चिल-बोकनं ती रांग पाहिली, डोक्यावरची टोपी सरळ केली आणि फाटक धरून उभा राहिला.

"पुढे सरका! पुढे सरका! मागे भरपूर जागा आहे! आजीबाई, गाडी घडी करून ठेवा!"

"माझं तिकीट?" सोरेवाली आजीनं विचारलं.

त्यानं तिला खांबाशी उभं केलं. वाकलेल्या कमरेमुळे ती त्याच्या मनातल्या रेघेच्या बरीच खाली भरली. "अर्धं," तो गंभीरपणे म्हणाला.

"आज हे ऐकायची दुसरी खेप," आजी म्हणाली, "पण तुझ्या तोंडी शोभतं."

आणि काम सुरू झालं. त्याचं वर्णन काय करायचं? पाणी पडत होतं, कोबी पिळला जात होता, मुळा किसला जात होता. लाल मसाल्यात खारवलेल्या कोळंबीचा वास नाकात चढत होता. म्हाताऱ्या एकमेकींच्या कमरेवरून, सुनांवरून, मेलेल्या नवऱ्यांवरून बोलत होत्या. तासाभरात अंगणातल्या सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले, आणि मग कोणते हात वेडे आणि कोणते शहाणे ते लांबून ओळखू येईना. जवळूनही कठीणच होतं. दक-सुननं एका म्हातारीची क्षमा मागितली तेव्हा ती म्हणाली, "कशाबद्दल गं?" "माहीत नाही," दक-सुन म्हणाली. "बरं, मग मीही मागते, मलाही माहीत नाही," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा पानं भरायला लागली.

सोरेवाली आजीनं यांग-होला आपल्या शेजारी बसवलं. त्याचा हात थरथरत होता आणि पानांमध्ये भरलेला मसाला सांडत होता. आजी ते सांडलेलं उचलून आपल्या पानात भरत होती. मग तिनं आतलं एक कोवळं पिवळं पान तोडलं, त्यात मसाला घालून घडी केली आणि न विचारता त्याच्या तोंडासमोर धरली. किमची घालताना आम्ही एकमेकांना असंच भरवतो. हात लाल असतात, दुसऱ्याचं तोंड मोकळं असतं, म्हणून. ताट लागत नाही, पायरी लागत नाही.

यांग-हो मागे सरला. मग त्यानं तोंड उघडलं.

सगळं अंगण आपापल्या कामात फार गुंतलं असल्यासारखं दाखवत बघत होतं. तो चावत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय रे?" आजी म्हणाली.

"तिखट," तो म्हणाला. "मीठ पण कमी आहे."

"बघा!" आजी ओरडली. "पहिलं खरं बोलणारं माणूस! माझी सून वीस वर्षं 'छान आहे, आई' म्हणतेय."

ती सून तेव्हाच फाटकातून आत येत होती. तिनं सासूला ऐकलं, यांग-होला पाहिलं. बाह्या वर केल्या आणि मिठाचं भांडं उचलून त्याच्यासमोर धरलं. दोन्ही हातांनी.

दुपारनंतर प्रमुख आला. त्याच्या घरी जेवायला कोणी नव्हतं आणि वाढायलाही कोणी नव्हतं. चांगले बूट घालून तो अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि आपलं गाव बघू लागला. सगळं इथेच होतं.

"आलास?" आजी म्हणाली. "बरं झालं. बैठक घेऊन टाकू. सगळे आहेत. ती खोली तापवायला उगाच लाकूड जाळायचं कशाला?"

"आई, बैठकीची एक रीत असते."

"असते ना. विषय काय? ही माणसं राहणार की जाणार. राहावीत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. वाकलेले, आखडलेले, कोपरापर्यंत लाल, मसाला गळत असलेले. ह्वांगणीच्या सासूला प्रश्न ऐकू आला नव्हता, पण तिनं दोन्ही हात वर केले. योमच्या बायकोचा हात वर होता. नवऱ्याकडे न बघता तिनं तो धरून ठेवला होता.

"आता हे सांग," आजी म्हणाली. "हे अर्धे मोजायचे की पूर्ण? अर्धे मोजलेस तर आम्ही सगळे अर्धे, आणि मग तू अर्ध्या गावाचा प्रमुख."

योमनं एकेका हाताकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या. दुसरीत, दुसऱ्यांदा, उत्तर बरोबर येईपर्यंत बघत होत्या तशाच.

"पूर्ण," तो म्हणाला. "सगळे पूर्ण. आणि ही माणसं राहतील. पुढच्या हिवाळ्यापर्यंत नाही. राहतीलच."

बाईंनी पाठ फिरवली आणि मनगटानं नाक पुसलं. मनगटाला तिखट लागलेलं होतं, त्यामुळे त्या बराच वेळ रडल्या तरी त्याचं कोणाला स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही. अंगणात कोणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडला. चुलीवर डुकराचं मांस उकळत होतं, तांदळाची पांढरी दारू आली होती. शेवटच्या टोपल्या तेवढ्या धुवायच्या राहिल्या होत्या. यांग-हो नळाची रबरी नळी हातात धरून उभा होता.

पण प्रमुखाला आता रंग चढला होता. तो दोन पावलं पुढे आला, अंगणाच्या मधोमध पाय रोवून उभा राहिला आणि त्यानं हात उंचावला.

"गावकऱ्यांनो," तो म्हणाला, "आज सामगोलनं अख्ख्या डोंगराला दाखवून दिलं! गाव म्हणजे घरांची रांग नव्हे. गाव म्हणजे एक शरीर. एक बोट दुखलं तर सगळं अंग तापतं. आपल्या पूर्वजांनी ही सावड कशासाठी घातली? कोबीसाठी? नाही! मी म्हणतो, शतकानुशतकं वाहत आलेला हा माणुसकीचा झरा आजही, या क्षणी, आपल्या गावात अखंड..."

तो बोलत राहिला. उन्हं उतरली, वारा सुटला, मांसाचा वास अंगणभर पसरला. कोणी हललं नाही. यांग-हो हातातल्या नळीच्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं जमिनीवरून नळीच्या मागोमाग नजर नेली, थेट प्रमुखाच्या चांगल्या बुटांपर्यंत. शेवटी त्यानं शाळेत करतात तसा हात वर केला.

"प्रमुख," तो म्हणाला, "जरा पाय उचलता का? पाणी अडलंय."